कॉलरच्या आतली पट्टी

सहलीच्या छापील कागदावर तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं: सकाळी तळं, दुपारी रणभूमी, परतताना फुलांची बाग, चहा धरून. माझ्या मुलीने तो कागद माझ्या नाकासमोर नाचवला आणि म्हणाली, "आई, चल, बाबांचं थडगं बघून येऊ."

परक्या माणसाला हे ऐकून कसंसंच होईल, पण आमच्या घरात हा जुना विनोद आहे. हे सहा वर्षांपूर्वी गेले ते घरी, स्वतःच्या पलंगावर, चष्मा उशाशी ठेवून. पण लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात सरकारने त्यांना एकदा मारून ठेवलं होतं. तार आली, सासूबाई कोसळल्या, शेजाऱ्यांनी रडून घेतलं, ह्यांचे कपडे वाटून टाकले. आणि तिसऱ्या आठवड्यात हे इस्पितळातून सुटून, खांद्याला बँडेज बांधून, चालत दारात उभे. दार उघडलं पोस्टमनने. तार त्यानेच आणली होती, म्हणून बिचारा अधूनमधून सासूबाईंची विचारपूस करायला यायचा. त्याच्या अंगात ह्यांचा निळा शर्ट. हे म्हणाले, "मी मेलो ते ठीक आहे, पण शर्ट तेवढा धुऊन परत दे."

ही हकिकत हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, "एका कारकुनाने एक ओळ चुकवली, दुसरं काय." पुढे सरकारी दप्तरात ते रीतसर जिवंत झाले, पण टेकडीखालच्या सैनिकी दफनभूमीतला दगड मात्र त्यांच्या नावाने तसाच उभा राहिला. "राहू दे," हे म्हणायचे. "जागा धरून ठेवलीय." बघायला मात्र कधी गेले नाहीत.

मीही गेले नसते. चूक कारकुनाची नव्हती, हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

पण माझी मुलगी दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड कापसाने भरलेलं असताना प्रश्न विचारायची तिला सवय, त्यामुळे उत्तराची वाट बघणं तिच्या अंगातच नाही. मी "गुडघे दुखतात" म्हणेपर्यंत तिने दोन जागा राखून टाकल्या होत्या, त्याही पुढच्या, चाकावर नसलेल्या.

बसमध्ये अठ्ठावीस माणसं होतो. आमच्या मागे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांना ती लढाई तारखांसकट पाठ होती आणि गाईडपेक्षा आपल्याला जास्त येतं हे ते तिला दर पंधरा मिनिटांनी कळवत होते. गाईड एक तिशीतली हसरी बाई होती, तिने हे दुखणं ओळखून त्यांना पहिल्याच दिवशी "सर" म्हणायला सुरुवात केली होती. तळ्यावरून निघाल्यावर ती माइकमध्ये म्हणाली, "आता आपण जिथे जाणार आहोत तिथे एका हिवाळ्यात नऊ हजार माणसं पडली." बस गप्प झाली. मग कुणीतरी विचारलं, तिथे बाथरूमची सोय आहे का. आहे म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मी खिडकीबाहेर बघत होते. मला शिवणकामाचा हॉल दिसत होता.

लढाईच्या शेवटच्या वर्षी मी सोळा वर्षांची होते. आमच्या गावातलं सिनेमागृह बंद करून तिथे लष्कराच्या कपड्यांची दुरुस्ती चालायची. खुर्च्या काढल्या होत्या, पण जमीन होती तशीच उतरती. हातातून रीळ सुटलं की ते घरंगळत पडद्यापर्यंत जायचं आणि ते आणायला जाणाऱ्या मुलीला बाकीच्या टाळ्या वाजवून निरोप द्यायच्या. जखमी माणसांचे कोट धुऊन आमच्याकडे यायचे. आम्ही भोकं बुजवायची, ठिगळं लावायची, आणि कॉलरच्या आतली नाव-नंबराची जुनी पट्टी उसवून नव्या माणसाची लावायची, की कोट परत आघाडीवर. दिवसाला तीस कोट. तीस झाले नाहीत तर मुकादमीण, जिला आम्ही कात्री म्हणायचो, ती सगळ्यांसमोर नाव घेऊन आकडा वाचायची.

जुन्या पट्टीवरचं नाव वाचायचं नाही, असा आम्हा मुलींचा एक शिरस्ता होता. तो माणूस कुठे असेल, असेल की नसेल, कुणाला ठाऊक. नवं नाव मात्र वाचायचं, त्याला मनात "सांभाळून जा" म्हणायचं. आणि ज्या मुलीच्या वाट्याला दुतोंडी आकडा येईल, म्हणजे उलटसुलट वाचला तरी तोच, तिला त्या दिवशी शेगडीजवळची जागा मिळायची. दुतोंडी आकड्याचा माणूस परत येतोच, अशी आमची ठाम समजूत. कुणी काढली कोण जाणे.

एका संध्याकाळी माझे एकोणतीस झाले होते. तिसावा कोट हातात आला, त्याच्या डाव्या खांद्याला जळकं भोक. तिथे मी नीट माप घेऊन ठिगळ बसवलं. मग कॉलर उलटली, तर जुनी पट्टी कुणीतरी घरी पुन्हा शिवलेली. बारीक, घट्ट, दर तिसऱ्या टाक्यावर एक गाठ. असलं काम उसवायला मला अर्धा तास लागला असता. कात्री वही घेऊन उभी राहिली होती. मी नवी पट्टी जुनीच्या वर ठेवली, चार कोपऱ्यांना चार टाके घातले आणि कोट ढिगावर टाकला. पट्टीवरचा आकडा होता ३६०६३. दुसऱ्या दिवशी मी शेगडीजवळ बसले.

चार वर्षांनी माझं लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात ह्यांच्या डाव्या खांद्यावरची खूण पाहिली. तिचा आकार मी ओळखला, कारण त्या मापाचं ठिगळ मीच कापलं होतं. तरी मी म्हटलं, खांदे काय, हजार माणसांचे फुटले असतील. मग उशांचे अभ्रे धुवायला काढले. प्रत्येक शिवणीला दर तिसऱ्या टाक्यावर गाठ.

"गिरणीतल्या शिवणीवर माझा विश्वास नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या कोटाची पट्टीसुद्धा मी पुन्हा शिवून दिली होती."

कोट पुन्हा आघाडीवर गेला. ज्याच्या अंगात होता तो पडला. माझे चार टाके निघून गेले, सासूबाईंची शिवण टिकली, आणि पुरणाऱ्यांनी कॉलर उलटून जे दिसलं ते लिहून घेतलं.

सासूबाईंचा डावा हात तार वाचल्या दिवसापासून लुळा झाला होता. त्यांनी पुन्हा सुई धरली नाही. पुढे आठ वर्षं रोज सकाळी मी त्यांची वेणी घालायची आणि रोज त्या म्हणायच्या, "त्या कारकुनाचा हात झडो." मी म्हणायची, "मान सरळ ठेवा." त्यांच्यानंतर ह्यांना सांगता आलं असतं. हे हसलेच असते. पण त्यांच्या हसण्याने एक गोष्ट मिटणार नव्हती, ती म्हणजे ३६०६३ कोण, हे मला नावासकट माहीत होतं. मी स्वतःला समजावलं की थंडीत त्याने कोट कुणाला तरी देऊन टाकला असेल आणि तो घरी पोचला असेल. दुतोंडी आकडा होता ना. ते समजावणं मी एकोणसाठ वर्षं नीट घडी घालून ठेवलं होतं.

रणभूमी म्हणजे गवत निघालं. खंदक भरत येऊन जमिनीला नुसत्या घड्या पडल्यासारखे दिसत होते आणि त्या घड्यांमध्ये मेंढ्या चरत होत्या. लाकडी पायवाट, तिच्या कडेने पाट्या, शेवटी दुकान. दुकानात किल्ल्या अडकवायच्या, काडतुसाच्या आकाराच्या साखळ्या होत्या. हेडमास्तर तोफेला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "सैन्याची उजवी बगल इथे उघडी पडली. चूक सेनापतीची." जणू बगल कालच उघडी पडली होती आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दफनभूमी टेकडीच्या पायथ्याशी. सगळे दगड एका उंचीचे, एका अंतरावर. मुलीने दुकानातून रांगेचा नंबर विचारून आणला होता. सतराव्या रांगेत पाचवा. ह्यांचं नाव, ह्यांचा नंबर आणि खाली तारीख. त्या तारखेला हे इस्पितळात दुसऱ्याच्या वाट्याची पेज मागून खात होते, असं तेच सांगायचे.

"उभी राहा तिथे," मुलगी म्हणाली. "हात ठेव दगडावर. हस ना जरा, आई. बाबा असते तर इथे आडवे पडून फोटो काढला असता त्यांनी."

खरंच काढला असता. मी हात ठेवला. दगड उन्हाने तापला होता. त्या क्षणापर्यंत मला ते थडगं ह्यांचं, म्हणजे रिकामं, वाटत होतं. तळव्याला ऊब लागली आणि कळलं की खाली कुणीतरी आहे. मला हसू येईना.

"चक्कर येतेय का?"

"नाही. ती भिंत कसली आहे?"

"बेपत्ता माणसांची," मागून हेडमास्तर म्हणाले. "ज्यांचं काहीच सापडलं नाही ते. नंबराप्रमाणे लावलीत."

मी मुलीला म्हटलं, जरा सावलीत बसते, तू दुकानात जा. ती गेल्यावर भिंतीपाशी गेले. छत्तीस हजारांची ओळ माझ्या खांद्याच्या उंचीवर होती. बोट फिरवत गेले. ३६०५८. ३६०६३. पुढे नाव. तेच, पट्टीवर होतं तेच, एका अक्षराचाही फरक नाही.

तो घरी पोचला नव्हता. आणि त्याचा ठावठिकाणा ठाऊक असलेली जगात एकच बाई होती, तिला गुडघे दुखत होते आणि चार वाजता तिची बस सुटणार होती. तीन वीस झाले होते. मी काही बोलले नाही तर त्या दिवशी काहीच बिघडणार नव्हतं. फोटो घरी लागला असता, नातवंडं हसली असती. बोलले तर मुलीला तिच्या आजीचा हात कुणामुळे लुळा पडला ते सांगावं लागणार होतं. ती सहा वर्षांची असेपर्यंत त्या हाताची बोटं एकेक करून उघडायचा खेळ खेळायची.

राखणदाराची खोली फाटकाशी होती. पत्र्याचं कपाट, टेबल, एका कोपऱ्यात गवत कापायचं यंत्र. राखणदार साठीचा, रुंद हातांचा, कागदावरून डोकं वर न काढता म्हणाला, "बाथरूम मागच्या बाजूला, आजी."

"सतरावी रांग, पाचवा दगड," मी म्हटलं.

त्याने डोकं वर काढलं. "तो जिवंत निघाला होता. आमचा जिवंत माणूस. तुम्ही कोण?"

"त्याची बायको."

"बसा, बसा. अहो, तीन वेळा वर लिहिलं मी. नाव काढा म्हणून. ते म्हणतात, खाली कोण आहे ते कळवा, मग काढू. कोरा दगड ठेवायची परवानगी नाही. आता मेलेल्याला मी काय उठवून विचारू?"

"३६०६३ आहे."

त्याने हातातला कागद खाली ठेवला. मी सांगायला सुरुवात केली. सिनेमागृह, तीस कोट, चार टाके. निम्म्यात मला कळलं की दारात मुलगी उभी आहे, हातात दोन आइसक्रीम. तिने मधे तोंड घातलं नाही. तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. आइसक्रीम तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

माझं संपल्यावर राखणदार कपाटाकडे गेला आणि जाड वही शोधू लागला.

"आजी रोज त्या कारकुनाला शिव्या द्यायची," मुलगी म्हणाली. "तू तिथेच असायचीस."

"वेणी घालत असायचे."

"आणि बाबांना?"

"नाही सांगितलं."

"का?"

माझ्याकडे त्याची बरीच उत्तरं होती, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेली. त्यातलं एकही तिच्यासमोर ठेवण्यासारखं वाटेना. "भीती वाटली," मी म्हटलं. "मग सवय झाली."

तिने आइसक्रीमचे दोन्ही कोन कचऱ्याच्या डब्यात टाकले, रुमालाने हात पुसले, पुन्हा पुसले आणि बाहेर निघून गेली. खिडकीतून दिसत होतं, ती फाटकापर्यंत गेली, तिथे पाठ करून उभी राहिली.

राखणदाराने वही उघडली. "३६०६३. हां. तपासाला आलेली पत्रं आहेत. आधी आई लिहायची. मग बहीण. आता बहिणीचा मुलगा लिहितो. शेवटचं तीन वर्षांपूर्वी. म्हणजे पत्ता चालू असणार." त्याने एक छापील अर्ज पुढे केला. "हे भरावं लागेल. लगेच काही होणार नाही, वरून माणूस येईल, तुमची जबानी घेईल. पण आता माझ्या हातात काहीतरी आलं. नाव, पत्ता भरा. आणि ह्या रकान्यात मृताशी नातं."

पेन माझ्या हातात होतं, पण अक्षर कागदावर टेकेना. नात्याच्या रकान्यापाशी तर मी थांबलेच. काय लिहायचं? राखणदारही विचारात पडला. "इथे रिकामं सोडलं तर परत पाठवतात," तो म्हणाला.

बसचा हॉर्न वाजला. गाईड धावत आली. "आजी, सगळे बसलेत. सर म्हणतात, बाग साडेपाचला बंद होते."

"सरांना म्हणावं, एका माणसाचा शोध लागलाय, थांबा," राखणदार म्हणाला. गाईडला काही उमगलं नाही, पण ती गेली.

मागून मुलीने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. कधी परत आली ते कळलंच नाही. डोळे लाल होते. खुर्ची ओढून बसली आणि पेशंटचा कागद भरावा तशी भराभर भरू लागली. माझं नाव, वय, पत्ता. नात्याच्या रकान्यात तिने लिहिलं: कोट हिने दुरुस्त केला. मला दाखवलं नाही, मी वाचलं.

"सही कर," ती म्हणाली. मी केली.

राखणदाराने अर्ज वहीत ठेवला. मग जरा घुटमळून म्हणाला, "एक सांगू का? सरकारी कागद कोरडा असतो. त्या भाच्याला तुम्ही स्वतः चार ओळी लिहा. पत्ता देतो." त्याने चिठ्ठीवर पत्ता उतरवून दिला.

बसमध्ये चढलो तेव्हा सव्वीस माणसं आमच्याकडे बघत होती. हेडमास्तरांनी घड्याळ दाखवलं. मुलगी त्यांना म्हणाली, "आईला वेळ लागला." एवढंच. मग खिडकीच्या जागेवर स्वतः बसली, तिकडे तोंड करून. बागेपर्यंत पाऊण तास ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मीही बोलायची घाई केली नाही. तिचा तो हक्क होता.

बागेपाशी सगळे उतरले. मी म्हटलं, मी बसते, पत्र लिहायचंय. गाईडने तिच्या वहीतली दोन पानं फाडून दिली. बस रिकामी झाली. मुलगीही उतरली. मी गुडघ्यावर पर्स आणि पर्सवर पान ठेवून बसले. "आपल्या मामांविषयी" एवढं लिहून थांबले. पुढे चूक लिहायची होती, आणि ती कुठून सुरू करावी कळत नव्हतं.

थोड्या वेळाने मुलगी परत चढली. दोन कप चहा होता तिच्याकडे. एक मला दिला. या वेळी शेजारी बसली, पानाकडे बघत.

"दोनच शब्द झाले," ती म्हणाली.

"आधी माफी मागावी का, ते कळत नाही."

"माफी शेवटी. आधी त्यांना काय हवं असेल ते लिही." ती चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "चांगला होता का तो कोट? उबदार?"

मी आठवून बघितलं. "होता. कापड जाड होतं. दोन्ही कोपरं विरली होती, तिथे मी आतून दुसरं कापड लावलं होतं. ते काम मात्र मी घाई न करता केलं होतं."

"मग तेच लिही," ती म्हणाली.

मी लिहायला लागले. ती शेजारी बसून राहिली. बागेत गेली नाही.